चोर धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पुरवणीत एक छोटी बातमी आली होती. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना एकाला ग्रामस्थांनी पकडले, चोप दिला आणि पोलिसांच्या स्वाधीन केले. सोबत फोटो होता. अंगात नुसते बनियन, हात मागे बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला. त्याच्या मागे गावातली पंधरा-वीस माणसे उभी, सगळ्यांचे चेहरे स्पष्ट. कुणाच्या हातात काठी आहे तेही दिसते. मी सोलापूर जिल्ह्यातल्या ग्रामीण ठाण्यांत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली. तो फोटो पाहून मला त्या मागे उभ्या असलेल्या पोरांची काळजी वाटली. उद्या त्या माणसाची बरगडी मोडल्याचे दवाखान्यात निघाले, तर तपास अधिकाऱ्याला आरोपी शोधत गावात फिरायची गरजच उरणार नाही. म्हणून हे पत्र. लांब झाले आहे, तरी छापावे ही विनंती.

साध्या माणसाला दुसऱ्याला अटक करता येते का? येते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुने ४३ वे कलम आता ४० वे झाले. त्यात खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार दिला आहे, पण तो दोनच प्रसंगी. एक, तुमच्या समक्ष कुणी असा गुन्हा केला की जो दखलपात्रही आहे, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्रही आहे, म्हणजे ज्यात जामीन हक्काने मिळत नाही. दोन, ज्याला न्यायालयाने फरारी म्हणून जाहीर केले आहे असा माणूस सापडला. अटक केल्यावर विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचे किंवा जवळच्या ठाण्यात न्यायचे. जुन्या कायद्यात नुसते ‘विनाविलंब’ होते, सहा तासांची मर्यादा नव्याने घातली आहे. ती घातली हे फार बरे झाले. सकाळी सापडलेला माणूस दिवसभर सोसायटीच्या गोदामात कोंडून ठेवून संध्याकाळी ठाण्यात आणल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत.

या कलमात सगळ्यात जड शब्द आहे ‘समक्ष’. समक्ष म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर. शेजाऱ्याने सांगितले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला, महिन्यापूर्वी असाच एक माणूस दिसला होता, हा गावचा वाटत नाही, अपरात्री हिंडतोय, विचारले तर नीट उत्तर देत नाही, यातले काहीही समक्ष नाही. संशयावरून अटक करायचा अधिकार पोलिसांना आहे, आणि त्यांनाही कारणे लिहून ठेवावी लागतात. गावकऱ्याला तो अधिकार नाही. संशय आला तर विचारा, लांबून नजर ठेवा, फोन करा. पण हात धरून बसवून ठेवले आणि पुढे तो निर्दोष निघाला, तर इंडियन पीनल कोडच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १२६, म्हणजे रस्ता अडवणे, आणि १२७, म्हणजे कोंडून ठेवणे, ही दोन्ही तुमच्यावर लागतात.

दुसरी अडचण रकमेची. ही आमच्या शेतकरी बांधवांना अजून ठाऊक नाही. न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी वेगळी काढली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, आणि सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात तो गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र दाखवला आहे, म्हणजे तिथे कलम ४० चा अटकेचा अधिकार नाही. आता विहिरीवरून कापलेली वीस-पंचवीस फूट केबल किती रुपयांची होते? रात्री दोन वाजता बांधावर उभे राहून हा हिशेब कोण करणार? ज्याने हा बदल केला त्याने कधी शेतात रात्र काढली नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केबल तीन हजारांची असली तरी ती गेली की डाळिंबाला चार दिवस पाणी नाही, आणि त्या नुकसानीची किंमत कुठल्याच परिशिष्टात नाही. घरात, मंदिरात किंवा गाडीत शिरून केलेली चोरी मात्र कलम ३०५ मध्ये येते. ती रकमेचा विचार न करता दखलपात्र व अजामीनपात्र आहे. हिसकावून पळणे कलम ३०४, तेही तसेच.

मग पाच हजारांच्या आतला चोर समोर केबल घेऊन चालला तर बघत बसायचे का? तसे नाही. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत दिला आहे आणि त्याला रकमेची अट नाही. चोराला अडवा, केबल सोडवा, त्याने कोयता उगारला तर स्वतःला वाचवण्यापुरते बळ वापरा. पण हा हक्क माल परत मिळेपर्यंतच. केबल तुमच्या हातात आली, त्याचा कोयता खाली पडला, तो जमिनीवर बसला, की बचाव संपला. त्यानंतर मारलेली प्रत्येक काठी ही नवी मारहाण आहे आणि तिचे आरोपी तुम्ही आहात.

अटक करताना किती जोर लावायचा, तेही कायद्यात आहे. तो झटापट करून पळू लागला तर अटकेसाठी लागेल तेवढे सर्व उपाय करता येतात. पण पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचे नाही. लायटीच्या खांबाला बांधणे, तोंडाला काळे फासणे, गाढवावर बसवणे, चपलांची माळ घालून गल्लीतून फिरवणे, यांचा पळून जाण्याशी काय संबंध? आणि तो माणूस पारधी किंवा अन्य अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, आणि त्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच मनाई केली आहे. आमच्या सोलापुरात हे जास्त सांगावे लागते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची सेटलमेंट सोलापुरात होती. तो कायदा १९५२ साली गेला. गावच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. चोरी झाली की पहिली काठी पालावर पडते.

आता ठाण्याच्या टेबलावरून काय दिसते ते सांगतो, कारण बातमीत ते कधी येत नाही.

रात्री टेम्पो येतो. आधी आवाज येतो, मग माणसे. ‘साहेब, चोर आणलाय.’ मी सगळ्यात आधी त्या माणसाकडे बघायचो. शुद्धीवर आहे का, कानातून रक्त येतेय का, पाणी मागतोय का. कारण तो माझ्या ताब्यात आल्यावर तासाभरात मेला, तर तो पोलीस कोठडीतला मृत्यू होतो. म्हणून त्याला आत घेण्याआधी मी स्टेशन डायरीला नोंद करायचो. अमुक वाजता, अमुक गाडीतून, अमुक अमुक इसमांनी, अंगावर अशा अशा जखमा असलेल्या स्थितीत आणले. मग आणणाऱ्यांना नावे विचारायचो. आणि नावे विचारली की टेम्पोभोवतीची गर्दी पातळ व्हायला लागायची. ‘मी आपला बघायला आलो होतो’, ‘मला म्हशी सोडायच्यात’, ‘त्यांनी बोलावलं म्हणून आलो’. फिर्यादी कोण, असे विचारले की उरलेले एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावाचे पत्र, देऊन त्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे, डॉक्टर जखमांचा दाखला देणार. म्हणजे चोरीचा कागद व्हायच्या आत मारहाणीचा कागद तयार.

पुढे खटला उभा राहतो तेव्हा तर फारच वाईट होते. ज्याने खरोखर डोळ्यांनी चोरी पाहिली, तो भला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असतो. आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारतो : माझ्या अशिलाला कुणी मारले? खरे सांगितले तर स्वतः किंवा भावकीतला कुणीतरी अडकतो. म्हणून तो म्हणतो, मला माहीत नाही. पुढचा प्रश्न : तुम्ही तिथे होता ना, मग एवढ्या जखमा झालेल्या दिसल्या नाहीत? तो गप्प. झाले. जो माणूस मारहाणीबद्दल खोटे बोलतोय, तो चोरीबद्दल खरे कशावरून बोलतोय, असे वकील म्हणणार आणि न्यायालयाला त्यात तथ्य वाटणार. मारहाण करून गाव स्वतःचाच खरा साक्षीदार खोटा पाडतो. चोर सुटला की लोक पोलिसांना शिव्या देतात, ‘पैसे खाल्ले’ म्हणतात. तो ठाण्यात यायच्या आधीच सुटला होता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तीच गत कबुलीजबाबाची. हल्ली मोबाइल चालू ठेवून मारतात आणि विचारतात, ‘बोल, अजून कुठं कुठं चोरी केलीस, संगं कोण होतं?’ तो बिचारा तालुक्यातल्या सगळ्या चोऱ्या कबूल करतो. धाक दाखवून घेतलेल्या कबुलीला पुराव्यात किंमत नाही, नव्या साक्ष अधिनियमाचे कलम २२ वाचावे. पण त्या व्हिडिओला दुसऱ्या बाजूने पुरेपूर किंमत आहे. कबुली घेण्यासाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी दुखापत करणे हा न्याय संहितेच्या कलम १२० चा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ते कलम फक्त पोलिसांसाठी आहे असा गैरसमज आहे. ते सगळ्यांना आहे. पाच किंवा अधिक माणसे जमली आणि तो बेकायदा जमाव ठरला, तर कलम १९० नुसार काठी ज्याने उचलली नाही, नुसता त्या हेतूत सामील होऊन उभा राहिला, तोही तितकाच जबाबदार. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

एक प्रसंग लिहितो. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून बाकी तपशील देत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर मारायच्या गाड्या तमिळनाडूतून येतात, तिरुचेंगोडच्या. त्यावर कामाला पोरे झारखंड-छत्तीसगडची. दिवसभर धुरळ्यात काम, रात्री गाडीखालीच झोपायचे. त्यातला एक पोरगा रात्री पाण्याचा कॅन घेऊन वस्तीवर गेला. मराठी शून्य, हिंदीही तुटकी. कुत्री भुंकली, कुणीतरी आरोळी दिली, पोरगा घाबरून पळाला. आणि पळाला म्हणजे चोर. ठाण्यात आणला तेव्हा त्याच्या केसांत, पापण्यांवर बोअरची पांढरी भुकटी तशीच होती आणि त्यावरून रक्ताचे ओघळ आलेले. चोर अंगाला एवढी पांढरी भुकटी फासून येत नाही, एवढा साधा विचार वस्तीवर एकानेही केला नव्हता. जबडा मोडला होता, त्याला बोलताच येत नव्हते. टेबलावर कागद ठेवला तर त्याने पेनाने वेडीवाकडी बोअरची गाडी काढून दाखवली. त्याचा मुकादम पहाटे शोधत आला तेव्हा सगळे उलगडले.

त्या वस्तीवरच्या आठ जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यात दोन पोरे पोलीस भरतीची तयारी करणारी होती, रोज पहाटे रस्त्याने धावताना मी त्यांना बघायचो. मैदानी झाले, लेखी झाले, यादीत नाव आले आणि चारित्र्य पडताळणीला कागद आमच्याच ठाण्यात आला. दाखल गुन्हा लपवता येत नाही. एकाचा बाप माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. मी काय करणार होतो? बोअरवरचा पोरगा गावी निघून गेला, त्याचा जबडा नीट जुळला की नाही ते मला कधी कळले नाही. तारखा मात्र अजून चालू आहेत.

हा पोरगा निदान जिवंत राहिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला गेलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना मुले पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. त्यातली बहुतेक माणसे आमच्या मंगळवेढा भागातली. इथून पोट भरायला तिकडे गेली होती. कुणीही कुणाचे मूल पळवताना पाहिले नव्हते, नुसता मोबाइलवरचा निरोप फिरत होता. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने त्यात जन्मठेपा सुनावल्या. म्हणजे इकडे पाच चुली विझल्या आणि तिकडे काही घरांतले कर्ते पुरुष तुरुंगात गेले. त्याच जुलै महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबद्दल निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितले. तरी १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक तसेच मारले गेले, आणि तिथे तर पोलीस हजर होते. वर्दी घातलेल्या माणसाला यापेक्षा लाजिरवाणे काही नाही.

लोकांचा राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. एका ठाण्याला चाळीस-पन्नास गावे, रात्री फिरायला एक गाडी, त्यात कुठे यात्रा, कुठे बंदोबस्त. दोन वर्षांपूर्वी रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी चर्चा उठली तेव्हा गावोगाव पोरे बॅटऱ्या घेऊन जागत होती. बायका-पोरांना घेऊन वस्तीवर एकटे राहणाऱ्याची भीती मला समजते. गस्त घालावी, जरूर घालावी. पण गस्तीला जाणाऱ्याने आपल्याला काय करता येते ते माहीत करून घेऊनच जावे.

ते नीट करणारे लोकही मी पाहिले आहेत. दोघे सख्खे भाऊ, द्राक्षबागेवरचे. केबल कापताना एकाला धरले. थोरल्याने त्याचे दोन्ही हात पुढे घेऊन उपरण्याने बांधले, मागे नाही, कारण मागे बांधले तर माणूस तोंडावर पडतो, असे त्याने मला नंतर सांगितले. धाकट्याने ११२ ला फोन करून गट नंबर, जवळची खूण आणि ‘आम्ही स्वतः पाहिलंय, धरून ठेवलाय, मारलेला नाही’ एवढेच सांगितले. पोलीस पाटलाला बोलावून घेतले. कापलेली केबल आणि करवत जिथे पडली तिथेच राहू दिली, कुणाला हात लावू दिला नाही. जमलेल्या पोरांना आईने बाजेवरून उठून हाकलले. गाडी पोचेपर्यंत चोराला चहा मिळाला होता. फिर्याद थोरल्याने दिली, पंचनामा उजाडता झाला, साक्षीला दोघे आले आणि वकिलाच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे खरे उत्तर होते. त्या चोराला शिक्षा लागली.

सापडलेली व्यक्ती बाई असेल तर गावातल्या बायकांनाच तिच्याजवळ बसू द्यावे, पुरुषांनी हात लावू नये. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर पोलिसांनाही महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अठरा वर्षांखालचे पोर असेल तर त्याला आम्हीही कोठडीत ठेवू शकत नाही. त्याचे फोटो काढून गटावर टाकणे तर अजिबात नको.

आता माझ्या जुन्या खात्याला दोन शब्द, आणि ते मी आदराने पण ठामपणे लिहितो. लोक माणूस पकडून आणतात तेव्हा त्यांनाच रात्रभर बाकावर बसवून ठेवायचे, ‘हद्द आमची नाही’ म्हणून दुसऱ्या ठाण्यात पिटाळायचे, हे बंद झाले पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावीच लागते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. ज्याने न मारता माणूस आणून दिला, त्याचा जबाब सगळ्यात आधी लिहून त्याला घरी जाऊ द्यावे, आणि मारहाण झालेली नाही हे डायरीत त्याच्या नावानिशी नोंदवावे. पुढे उलट तक्रार झाली तर ती नोंद त्याच्या कामी येते. कलम ४० चा मजकूर सोप्या मराठीत फलकावर लिहून प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर लावावा आणि पोलीस पाटलांनी ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. द्राक्षाचा आणि उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे बाहेरगावची माणसे मोठ्या संख्येने वस्त्यांवर येण्याआधी, हे व्हायला हवे. पोलीस अधीक्षकांनी त्यासाठी लेखी आदेश काढावा, ही माझी आपल्या वृत्तपत्रातून त्यांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर